आठ टनांचा पूल एकटी मावशी कशी फिरवते?

मागच्या उन्हाळ्यात माझी मावशी वाईहून आमच्याकडे इंग्लंडला आली होती. यॉर्कशरमध्ये आम्ही राहतो तिथून लीड्स–लिव्हरपूल कालवा जवळ आहे. एका संध्याकाळी काठाने फिरत असताना एक होडी आली आणि पुलापाशी थांबली. पूल अगदी बुटका होता, पाण्यापासून हातभर उंच. खालून बदक गेलं असतं, होडी नाही. होडीतून एक बाई उतरल्या, त्यांनी किल्ली लावली, साखळी काढली आणि पुलाच्या टोकाचा दांडा ढकलायला लागल्या. मावशी बघत होती. बाईंनी हसून तिला बोलावलं आणि दांडा तिच्या हाती दिला. सदुसष्ट वर्षांच्या मावशीने पदर खोचला, दांड्याला दोन्ही हात लावले आणि अख्खा पूल काठाकडे वळवून ठेवला.

मी त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर दोन दिवस प्रश्न थांबेनात. आत मोटर असणार. पूल पोकळ असणार. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा उंच पूल का नाही बांधत? त्या सगळ्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे एकदा सलग लिहितो. मोटर नव्हती आणि पूल पोकळही नव्हता.

आधी नाव नीट समजून घेऊ

इंग्रजीत याला 'स्विंग ब्रिज' म्हणतात. त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ जण त्याचं भाषांतर 'झुलता पूल' असं करतात. झुलता पूल म्हणजे दोरखंडांवर टांगलेला, चालताना डुलणारा पूल. हा अजिबात डुलत नाही. हा उभ्या आसाभोवती आडवा फिरतो, घराचं दार फिरतं तसा. म्हणून मी त्याला 'फिरता पूल' म्हणतो. लेखात आणखी दोनच शब्द लक्षात ठेवा. पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जाणारा लांब भाग म्हणजे पुलाचं 'नाक' आणि आसाच्या मागे, जमिनीवर राहणारा आखूड भाग म्हणजे 'शेपटी'.

कालव्यावर बुटका पूल ठेवलाच कशाला?

याचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांपाशी आहे. लीड्स–लिव्हरपूल कालव्याला ब्रिटिश संसदेने १७७० मध्ये परवानगी दिली. १२७ मैलांचा, म्हणजे सुमारे २०४ किलोमीटरचा हा कालवा पुरा व्हायला १८१६ साल उजाडलं. कोळसा, चुनखडी, लोकर आणि कापूस होडीतून नेण्यासाठी तो खणला गेला. (अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जाणारा कापूस प्रचंड वाढला. तो मागवणाऱ्या लँकेशरच्या बर्नली, ब्लॅकबर्नसारख्या गिरणीगावांतून हाच कालवा जातो.)

कालवा काढायचा म्हणजे कोणाच्या तरी शेताचे दोन तुकडे होणार. घर या बाजूला, कुरण त्या बाजूला. धरणाच्या कालव्याने आपल्याकडे ज्यांच्या रानाची अशी फाळणी झाली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या कायद्याने कालवा खणणाऱ्या कंपनीवर बंधन होतं की तोडलेली वाट जोडून द्यायची. त्यामुळे गावरस्त्यांसाठीच नव्हे, तर एकेका शेतकऱ्याच्या गाई-मेंढ्यांसाठीही पूल बांधावे लागले.

दगडी कमानीचा पूल भक्कम खरा, पण महाग. होडी खालून जायची तर कमान उंच हवी, कमान उंच तर दोन्ही बाजूंना चढ हवा आणि चढासाठी पुन्हा शेतकऱ्याचीच जमीन. बुटका लाकडी पूल आसावर बसवला आणि होडी आली की बाजूला सारला, तर यातलं काहीच लागत नाही. कंपनीने जिथे जमेल तिथे हाच मार्ग धरला.

बिंगली गावात पाच पायऱ्यांची प्रसिद्ध जलपायरी आहे. (जलपायरी म्हणजे इंग्रजीत 'लॉक': दारं लावून पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि होडीला वर-खाली न्यायचं, असा हौद.) १७७४ मध्ये ती सुरू झाली आणि होड्यांना सुमारे १८ मीटर वर चढवते. ती चढून वर आलं की पुढे गार्ग्रेव्हपर्यंत १७ मैल एकही जलपायरी नाही. कालवा डोंगराच्या कुशीने एकाच पातळीवर, समपातळी चराच्या रेषेसारखा वळणं घेत जातो. नवख्या होडीवाल्याला वाटतं, आता १७ मैल आराम. पण याच टप्प्यात एकामागून एक फिरते पूल लागतात आणि दर थोड्या वेळाने कोणाला तरी खाली उतरावंच लागतं.

मग एवढं वजन हलतं कसं?

आपल्या सगळ्यांची चूक इथेच होते. जड वस्तू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ती उचलणं येतं. इथे कोणी काही उचलतच नाही. पुलाचं सगळं वजन आसावर आणि त्याभोवतीच्या कड्यावर बसलेलं असतं, ढकलणाऱ्याच्या हातावर त्यातलं किलोभरही येत नाही. हाताला झगडावं लागतं ते फक्त दोन गोष्टींशी: आसापाशी होणारं घर्षण आणि जागचं न हलण्याची जड वस्तूची सवय.

मावशी दांडा सोडून परत आली तेव्हा मला म्हणाली, "अरे, हे तर जातं आहे. वरची तळी काय उचलतो का आपण? खुंटा धरायचा नि फिरवायचं." मी अभियांत्रिकी शिकलोय, पण याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. जात्याची वरची तळी लहान मुलाला उचलता येत नाही, फिरवता मात्र येते. आणि खुंटा तळीच्या मध्यावर नसतो, कडेला असतो. मध्याजवळ धरून जातं फिरवून बघा, मनगट भरून येईल.

आता थोडा हिशेब करू. असे छोटे पूल काही टनांचे असतात. समजा आपला पूल ८ टनांचा, म्हणजे ८,००० किलोचा आहे. तो छर्ऱ्यांच्या कड्यावर बसलाय, सायकलच्या चाकात असतात तसेच छर्रे, फक्त मोठे. कड्याची त्रिज्या ६० सेंटिमीटर धरू. नीट वंगण घातलेल्या छर्ऱ्यांचं घर्षण वजनाच्या एक टक्का धरलं तरी पुष्कळ झालं. म्हणजे कड्यापाशी विरोध ८० किलोचा. पण मावशी कड्यापाशी ढकलत नव्हती, ती आसापासून ४ मीटर लांब, शेपटीच्या दांड्यापाशी उभी होती. अंतर जवळजवळ सातपट, म्हणून लागणारा जोर तेवढ्याच पटीने कमी. ८० गुणिले ०.६ भागिले ४, उत्तर येतं १२. बारा किलोची पिशवी उचलायला जेवढा जोर लागेल, तेवढ्याने आठ टन हलतात.

यातले छर्रे काढून टाका आणि पूल लोखंडावर लोखंड घासत फिरवून बघा. घर्षण वीस टक्के धरलं तर त्याच जागी २४० किलोचा जोर लागेल. मग मावशीसोबत अख्खी भावकी बोलवावी लागली असती. पूल जुना असो की नवा, त्याचा जीव या कड्यात आणि त्यातल्या ग्रीसमध्ये असतो. "पूल फार जड झालाय" अशी तक्रार येते तेव्हा पुलाचं वजन वाढलेलं नसतं. कड्यात माती शिरलेली असते, वंगण सुकलेलं असतं किंवा पूल एका बाजूला किंचित कललेला असतो.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. जोर कमी लागला, तर चालावं जास्त लागतं. पूल काटकोनात वळवायला मावशी त्या दांड्याबरोबर सहा मीटरहून जास्त चालली. नाक ७ मीटर लांब असेल, तर त्याचं टोक तेवढ्याच वेळात ११ मीटर फिरतं.

आसाच्या एका बाजूला एवढं लांब नाक, मग ते पाण्यात का पडत नाही?

पासंगामुळे. वाण्याच्या जुन्या तराजूचं एक पारडं हलकं असलं, की तो त्याला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधायचा. पुलाची शेपटी आखूड असते, म्हणून तिच्या पोटात दगड, लोखंडाचे ठोकळे किंवा काँक्रीट भरून नाकाशी तोल जमवतात. सात मीटरचं नाक आणि चार मीटरची शेपटी जेव्हा एकमेकांना बरोबर तोलतात, तेव्हा सगळ्या पुलाचा भार नेमका आसावर येतो आणि कडं सगळीकडून सारखं दबतं. तोल जरा बिघडला की कड्याची एक बाजू जास्त दबते आणि पूल रुसतो. फळ्या बदलून नव्या, जाड फळ्या बसवल्या तरी पासंगाचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

यावर माझ्या चुलतभावाने हुशारीने विचारलं: मग दहा माणसं नाकावर उभी राहिली तर तोल जाणार नाही का? जाईल, पूल उघडा असताना. म्हणून उघड्या पुलावर कोणी चढायचं नसतं. पूल बंद असताना नाकाचं टोक समोरच्या काठावरच्या ओट्यावर टेकलेलं असतं. काही पुलांना तिथे पाचर सरकवून किंवा जॅक लावून पक्कं बसवतात. तेव्हा तो तराजू राहत नाही, दोन्हीकडे टेकलेला साधा साकव होतो. उघडण्याआधी ती पाचर किंवा कडी काढायची, की त्याचा पुन्हा तराजू झाला.

नाक फार लांब करावं लागू नये म्हणून कालवा खणतानाच एक युक्ती केलेली असते. पुलाच्या जागी कालवा मुद्दाम अरुंद ठेवतात, एक होडी जेमतेम जाईल इतकाच. या कालव्याच्या मधल्या भागात जलपायऱ्यांची रुंदी सुमारे ४.३ मीटर आहे, होड्याही त्याच बेताच्या. पुलापाशी पाण्याची वाट तेवढीच ठेवली की भागतं.

पूल फिरवण्याची बाजू नेहमी पलीकडेच का?

एकट्याने होडी चालवणाऱ्यांची ही कायमची व्यथा आहे. होडी बांधायला आणि चालायला सोपा तो पायवाटेचा काठ. पण पुष्कळ पुलांचा आस, दांडा आणि कुलूप दुसऱ्या काठावर असतं. एकटा माणूस पायवाटेला होडी बांधतो, पूल ओलांडून पलीकडे जातो, पूल उघडतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण या काठाला, होडी त्या काठाला आणि मधला पूल आपणच काढून घेतलाय.

हे असं का केलं असेल, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. उत्तर आहे घोडा. इंजिन येण्याआधी होड्या घोडे ओढत. घोडा पायवाटेवरून चालायचा आणि त्याच्यापासून होडीपर्यंत लांब दोर पाण्यावरून तिरका ताणलेला असायचा. पूल उघडल्यावर पायवाटेच्या बाजूला वळला असता, तर दोर त्याला अडकला असता आणि घोड्याची वाटही बंद झाली असती. आस पलीकडच्या काठावर ठेवला की उघडा पूल पलीकडच्या शेतात विसावतो, घोडा न थांबता पुढे जातो. घोडे गेले, पण आस तिथेच राहिला. आज एकटे होडीवाले लांब दोर लावून पूल ओढतात, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. आपली मावशी अशाच एखाद्या हाकेला उपयोगी पडली असती.

दोन तुकड्यांचा पूल आणि एक नाव

कालवा रुंद असला की एका नाकाने भागत नाही. स्कॉटलंडमधला कॅलेडोनियन कालवा थॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधला गेला आणि १८२२ मध्ये खुला झाला. समुद्रातली जहाजं जातील इतका तो मोठा आहे. त्यावर मॉय नावाच्या जागी बिडाचा मूळ फिरता पूल अजून आहे, शेताच्या दोन भागांना जोडणारा आणि हाताने चालणारा. त्याची दोन पाती आहेत, प्रत्येक काठावर एक. पूलवाला या काठावरचं पातं उघडतो, मग नावेत बसून पलीकडे जातो आणि दुसरं पातं उघडतो. बंद करायचा असला की हेच उलट्या क्रमाने.

आपल्याकडचं याच्या जवळचं उदाहरण म्हणजे रामेश्वरमचा जुना पांबन पूल. तो १९१४ चा. त्याची मधली दोन पाती आडवी न फिरता नमस्कारातल्या हातांसारखी वर उठायची आणि तीही कामगार हातांनी यंत्र फिरवून उघडायचे. एप्रिल २०२५ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला. त्याचा मधला ७२.५ मीटरचा भाग विजेवर सरळ वर उचलला जातो. आडवा फिरो की वर उठो, जुन्या-नव्या दोन्हींत पासंगाचंच तत्त्व आहे. वजन तोलून ठेवायचं आणि जोर फक्त हालचालीपुरता लावायचा.

मग मोटर का नाही बसवत?

काही ठिकाणी बसवली आहे. जिथे पुलावरून मोटारींची वर्दळ आहे, तिथे बटणावर चालणारे पूल आहेत आणि ते योग्यच आहे. पण शेताच्या वाटेवरच्या किंवा निव्वळ पादचाऱ्यांच्या पुलाला मोटर बसवायची म्हणजे तिथवर वीज न्यायची, पाण्याशेजारी ओलीत यंत्रणा ठेवायची, सेन्सर लावायचे आणि बिघडल्यावर लांबून तंत्रज्ञ येईपर्यंत दोन्हीकडच्या होड्या खोळंबून ठेवायच्या. इंग्लंड-वेल्समधले कालवे आज बहुतांशी 'कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट' ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्याकडे सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग आहेत. जिथे बारा किलोच्या जोराने काम होतंय, तिथे मोटरीवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा गळणाऱ्या जलपायरीच्या दारावर लावलेला मला जास्त पटतो.

हाताने चालणाऱ्या पुलाचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तो आजारी पडण्याआधी सांगतो. कड्यात खडा आला, तर हाताला कळतं. रोज वेगवेगळी माणसं तो फिरवतात, कोणी ना कोणी फोन करून कळवतं. मोटर मात्र तो खडा चिरडत राहते, थेट अडकेपर्यंत.

आणि उंच पूल?

पादचाऱ्यांसाठी कायमचा उंच पूल हा सगळ्यात सरळ उपाय वाटतो. पण पुलाखालून होडी जायची तर तो पाण्यापासून तीनेक मीटर तरी उचलावा लागेल. पायऱ्या केल्या तर व्हीलचेअर, बाळाची ढकलगाडी आणि सायकल अडली. उतार करायचा तर १२ फुटांमागे १ फूट चढ, याहून उभा चालत नाही. तीन मीटर चढायला ३६ मीटर लांब उतार, तोही दोन्ही बाजूंना आणि मध्ये विसावे वेगळे. पाच मीटरचं पाणी ओलांडायला सत्तर मीटरहून जास्त चाल! बुटक्या पुलावरून व्हीलचेअर सपाट जाते. ती दिवसातून काही वेळा पाच मिनिटं थांबते, एवढंच.

धोका नाही का?

आहे, आणि तो आपण समजतो त्याच्या उलट बाजूचा आहे. पूल हलवणं अवघड नसतं, थांबवणं अवघड असतं. आठ टन एकदा चालू लागले की हात काढल्यावरही चालत राहतात. झोपाळ्यावर झुलणारं पोर आणि फिरणारा पूल यांत फरक हा की पोराला आपण पोटाशी धरून थांबवू शकतो. म्हणून पूल पळवायचा नसतो. शेवटचा मीटरभर तर उलट बाजूने हळूहळू धरून आणायचा. नाक आणि ओटा यांच्या फटीत बोट किंवा पाय कधीही घालायचा नाही.

बाकी काळजी किल्ली घेते. अनेक पुलांवर आधी दोन्हीकडचे अडसर लावावे लागतात, त्याशिवाय कडी सुटत नाही. आणि किल्ली एकदा फिरवली की ती कुलपातच अडकून राहते. पूल जागेवर आणून कडी लावून अडसर उघडले, तरच ती बाहेर निघते. होडीवाल्याला तीच किल्ली पुढच्या पुलाला लागणार असते, त्यामुळे पूल उघडा टाकून कोणी पळून जाऊ शकत नाही. न सांगता शिस्त लावणारी ही व्यवस्था मला फार आवडते.

उन्हाचा एक त्रास मात्र राहतो. ११ मीटर लांबीचं पोलाद २५ अंशांनी तापलं की तीनेक मिलिमीटर वाढतं. टोकाशी फट तेवढीच असली तर पूल ओट्याला घट्ट बसतो आणि निघत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कडक उन्हाळ्यात उघडझाप करणाऱ्या पुलांवर पाण्याचे फवारे मारतात, ते याचसाठी. आमच्याकडे असं झालं, तर संध्याकाळपर्यंत वाट बघणं हाच उपाय.

त्या दिवशी तसं काही झालं नाही. होडी पुढे गेली, त्या बाईंनी मावशीला हात केला आणि मावशी पूल परत लावायला निघाली. तोवर पायवाटेला एक सायकलवाला येऊन थांबला होता. तेवढ्यात वळणावरून दुसरी होडी दिसली. इथला रिवाज असा की दुसरी होडी नजरेत असेल, तर पूल तिच्यासाठी उघडा धरायचा. पण वाटेवर कोणी ताटकळत असेल, तर आधी त्याला विचारायचं. मावशीने दांडा धरूनच सायकलवाल्याकडे बघितलं आणि मान हलवून विचारलं. त्याने सायकल कठड्याला टेकवली, बाटली काढून पाणी प्यायला आणि होडीला 'या' म्हणून हात केला.